बारीक केलेला डोळा

पटावरच्या खेळातले इवलेसे पुतळे रंगवताना रंगात पाणी किती घालायचं, हे सतीशला मी शिकवलं. आता रविवारी आम्ही रंगवणारे जमतो तेव्हा सगळे त्याच्या टेबलाभोवती असतात आणि माझा ड्रॅगन एकटाच पंख पसरून बसलेला असतो.

गेल्या रविवारी मीही भिंग घेऊन त्याच्या टेबलाशी गेलो. त्याने रंगवलेला पुतळा परग्रहावरच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याचा होता, अंगठ्याएवढा. मालातली खोट काढून भाव पाडायचा, यावरच मी माझं दुकान उभं केलं. इथेही खोट सापडली आणि बरं वाटलं.

"डावा डोळा बारीक झालाय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"मुद्दाम केलाय, काका. घासाघीस करताना तुमचा होतो तसा."

सगळे हसले. मी पुन्हा भिंग लावलं. समोरचा किती वाकेल, हे मी जन्मभर निरखत आलो. मला कुणी इतकं निरखत असेल, हे मनातही आलं नव्हतं.

घरी आरशासमोर बसून माझ्याकडच्या एका पुतळ्यावर तोच डोळा तीनदा रंगवला. तिन्ही वेळा नुसता ठिपका उमटला. डोळा माझा, आणि जमला त्याला.