उद्याशेठची लिफ्ट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःलाच उठता येत नसेल, तर त्याने तक्रार कोणाकडे नोंदवायची, हा प्रश्न मिस्त्रींना रोज सकाळी पडायचा. तोही आडवं पडूनच पडायचा.

डोळे उघडले की त्यांचा उजवा हात उशीखाली शिरायचा. बाकीचं शरीर रजेवर असलं तरी हा एक हात न चुकता कामावर हजर. फोन हाती लागला की मिस्त्रींचा दिवस चादरीखाली सुरू व्हायचा आणि बहुतेक वेळा तिथेच मावळायचा. एक दाढीवाला माणूस ओरडून सांगायचा, ‘उठा! पहाटे उठणाऱ्याचंच जग असतं!’ ते मिस्त्री कुशीवर वळून शेवटपर्यंत ऐकायचे. मग कोणीतरी कोणाचा तरी मळका गालिचा धुवायचं. तो स्वच्छ झाला की मिस्त्रींना घटकाभर आपणच काहीतरी केल्यासारखं वाटायचं. पण त्यांचा खरा जीव जडला होता तो लिफ्टच्या व्हिडिओंवर. कुठल्या कुठल्या देशांतले मिस्त्री कुठल्या कुठल्या लिफ्टा दुरुस्त करत असायचे आणि आमचे मिस्त्री उशीवरून त्यांच्या चुका काढायचे.

“अहो,” बायको म्हणायची, “तो बिचारा लिफ्ट दुरुस्त करून, घरी जाऊन, जेवून झोपलासुद्धा असेल. तुम्ही अजून त्याच्यावर देखरेखच करताय.”

बायकोनेच त्यांना हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. झोप कशी, भूक कशी, रडू येतं का, जगणं नकोसं होतं का, हेही विचारलं. मग म्हणाल्या, “हा आळस नाही, आजार आहे. गोळ्या सुरू करा, रोज थोडं चाला आणि फोन जरा लांब ठेवा.”

मिस्त्री बक्षीस मिळाल्यासारखे घरी आले. “ऐकलंस? आळशी नाही मी! आळशी माणसाला लोळताना मजा येते. मला तीसुद्धा येत नाही.”

बायको खळखळून हसली. हसता हसता तिचा आवाज मध्येच कसासा झाला, तेव्हा तिने भांड्यांवर नळ मोठा सोडला.

गोळ्या मिस्त्री नेमाने घेत. चालण्याचं मात्र ‘उद्यापासून’ ठरलं होतं. फोन कमी व्हावा म्हणून त्यांनी फोनमध्येच एक ॲप घेतलं. आपण किती वेळ फोन बघतो याचे त्यात रंगीत आलेख निघायचे. ते आलेख बघण्यात पुढचा आठवडा गेला.

अशातच आत्याच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली.

आई लवकर गेल्यावर मिस्त्रींना वाढवलं ते आत्याने. ती आता चौथ्या मजल्यावर एकटी राहायची. जीभ अजून विळ्यासारखी चालायची, पण गुडघ्यांनी संप केला होता. जिना चढणं-उतरणं कधीच सुटलेलं. आणि त्या इमारतीची लिफ्ट सांभाळायचं काम नेमकं मिस्त्रींकडे. बिघाड म्हणावा तर चिमूटभर. लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दाराला एक छोटा कॉन्टॅक्ट असतो. सगळी दारं नीट लागली, सगळे कॉन्टॅक्ट टेकले, तरच लिफ्ट हलते. तिसऱ्या मजल्यावरचा जळला होता. नवा काडेपेटीएवढा. तो मिस्त्रींनी आणलाही होता. त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत तो पडून होता आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली होती. पलंग आणि खुंटी यांच्यामध्ये मात्र एक डोंगर होता, जो मिस्त्रींखेरीज कोणालाच दिसत नव्हता.

इमारतीच्या सेक्रेटरींचा निरोप आला की मिस्त्री लिहायचे, ‘उद्या येतो.’ पुढे पुढे फोन ते अक्षर अक्षर लिहायचीही तसदी घेऊ देईना. ‘उ’ टाकला की ‘उद्या येतो’ आपोआप उमटायचं. इमारतीत त्यांचं नाव पडलं उद्याशेठ. ते कानावर आलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, “शेठ म्हणाले ना? तेवढीच बढती.”

एका दुपारी आत्याचा फोन आला.

“बाळ्या, शनिवारी समोरची चालली.”

समोरची म्हणजे आत्याची मैत्रीण. रस्त्यापलीकडच्या घरात, तळमजल्यावर राहायची, चाकाच्या खुर्चीत. लिफ्ट चालू असताना आत्या रोज दुपारी खाली उतरायची, समोरचीची खुर्ची फाटकाशी यायची आणि दोघी ऊन कलेपर्यंत भांडायच्या. लिफ्ट बंद झाल्यापासून आत्या खिडकीतून टॉवेल हलवायची आणि समोरची अंगणातून रुमाल. बुडत्या जहाजावरच्या माणसांनी एकमेकांना खुशाली कळवावी तसं.

“कुठे चालली?” मिस्त्रींनी विचारलं.

“मुलाकडे. कायमची. टॉवेल हलवून निरोप देऊ का रे तिला? मला खाली उतरायचंय.”

“उद्या येतो, आत्या.”

“उद्या शुक्रवार. परवा ती जाणार. तुझ्या उद्याला परवा तरी असतो का?”

शुक्रवारी मिस्त्री उठले. खरोखर उठले. पँट चढवली, एक मोजा चढवला आणि दुसरा हातात घेऊन पलंगाच्या कडेवर बसले. जरा दम खावा म्हणून फोन काढला. संध्याकाळी बायको कामावरून आली तेव्हा ते तसेच होते: एक पाय कामाला निघालेला, दुसरा घरीच.

“तिला उचलून आणायला चार माणसं बोलवू का?” बायकोने विचारलं.

“कोणाला?”

“आत्यांना. आणि दोन जास्तीची तुमच्यासाठी.”

मिस्त्री हसले नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाले, “मला कळतंय गं सगळं. कळूनसुद्धा हलत नाही, हेच तर.”

शनिवारी सकाळी बायको काहीच बोलली नाही. तिने दुसरा मोजा स्वतःच्या हाताने त्यांच्या पायात चढवला, पिशवी त्यांच्या खांद्याला अडकवली आणि दार उघडं धरून उभी राहिली. तिच्या बोलण्याला मिस्त्री सरावले होते. न बोलण्याला घाबरले. निघाले.

लिफ्ट चौथ्या मजल्यावरच अडकून होती, आत्याच्या दाराशी. आत्या ठेवणीतली साडी नेसून, काठी हातात घेऊन, दारात खुर्ची टाकून बसली होती. मिस्त्रींनी तिसऱ्या मजल्यावरचं दार किल्लीने उघडलं, जुना कॉन्टॅक्ट काढला, नवा बसवायला घेतला. आणि मग काय झालं, तर हात चालू लागले. हातांना सगळं आठवत होतं. मिस्त्रींना स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं, की ते बघायला कोणीतरी हवं म्हणून त्यांनी खिशातून फोन काढला. सोबतीला दाढीवाला लावला. आणि फोन ठेवायला जागा शोधताना तो हातातून सुटून थेट लिफ्टच्या विहिरीत गेला.

खाली खड्ड्यात इमारतीने वर्षानुवर्षं गमावलेलं सगळं साठलेलं होतं: चेंडू, मोजे, वाळत घातलेल्या कपड्यांतलं काय काय, एक फाटकी उशी. फोन त्या उशीवर पडला. उशीचा सराव त्याला होताच. फुटला नाही. उलट दाढीवाल्याचा आवाज विहिरीत घुमून दुप्पट झाला: “उठा! तुम्हाला कोणी अडवलंय?”

“कोण रे तो?” वरून आत्या ओरडली. “बरोबर बोलतोय!”

उरलेले दोन स्क्रू मिस्त्रींनी ज्या वेगाने आवळले, तो वेग त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. आत्याच्या प्रेमापोटी नव्हे, फोनसाठी. दार लावून धावत तळमजल्यावर गेले. दार उघडलं. खड्ड्यात उतरण्याआधी तिथलं तांबडं बटण दाबायचं, म्हणजे लिफ्ट डोक्यावर येत नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. मिस्त्रींनी बटण दाबलं, उतरले, फोन उचलला. चालतोय का बघावं म्हणून एक व्हिडिओ पाहिला. तो बघतबघतच वर चढले आणि दार लावून घेतलं.

“आत्या, ये! लिफ्टमध्ये बस, दार ओढ आणि खालचं बटण दाब!”

आत्या आत शिरली. दार ओढल्याचा आवाज आला. मग बटणाचा. मग नुसतीच शांतता.

“बाळ्या, ही हलेना!”

मिस्त्री जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेले. कॉन्टॅक्ट चोख. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले. फ्यूज चोख. मोटर चोख. पुन्हा खाली निघाले. बाहेर रस्त्यावर समोरचीच्या मुलाची गाडी फाटकाशी लागली होती, सामान भरून झालं होतं, समोरचीला मागच्या सीटवर बसवलं होतं. मुलाने हॉर्न वाजवला.

“तिला म्हणावं थांब!” विहिरीतून आत्याचा आवाज आला. “चाळीस वर्षं माझ्याशी भांडलीस, अजून जरा भांड म्हणावं!”

दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर मिस्त्री मटकन बसले. मनात तोच जुना, ओळखीचा आवाज सुरू झाला. हा काही दाढीवाला नव्हता. हा कधीच ओरडायचा नाही, हळू आवाजात समजावून सांगायचा: तुला एवढंही जमत नाही. सोड. घरी जा. हात आपसूक खिशात गेला. फोन बाहेर आला. पण खड्ड्यातून वर चढताना हातांना लागलेलं काळं ग्रीस आता त्याच्या काचेवर असं माखलं होतं, की काहीच दिसेना. मिस्त्रींनी बाहीने ते पुसलं. बाही काळी झाली, काच जास्तच काळी झाली. ‘काय घाण आहे त्या खड्ड्यात,’ ते पुटपुटले.

आणि जागेवरून उडाले.

तांबडं बटण! दाबलं होतं ते त्यांनीच, आणि सोडायचंही त्यांनीच.

जिना ते कसे उतरले ते त्यांनाही सांगता येणार नाही. दार उघडलं, खड्ड्यात हात घातला. जुनं बटण दोन हातांनी ओढल्याशिवाय बाहेर येत नसे, म्हणून फोन तिथल्याच कडेवर ठेवला. बटण सुटलं. दार लावलं. लगेच वर घरघर सुरू झाली आणि लिफ्ट आत्याला घेऊन खाली निघाली. तेव्हा कुठे मिस्त्रींच्या लक्षात आलं, की फोन आत राहिला.

दार किल्लीने उघडलं असतं तर लिफ्ट मध्येच थांबली असती. फोन काढून पुन्हा चालू करायला कितीसा वेळ? किल्ली हातात होती. खोटं कशाला बोला, ती कुलपापर्यंत गेलीसुद्धा. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. मिस्त्रींनी किल्ली खिशात टाकली आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

आत्या बाहेर आली. त्यांच्या काळ्या बाहीकडे बघून म्हणाली, “कामाचे कपडे एकदाचे मळले म्हणायचे.” आणि काठी टेकत थेट गाडीकडे गेली. मुलाने मागचं दार उघडलं. आत्या आत समोरचीशेजारी बसली.

“आलीस?” समोरची म्हणाली.

“माझा स्वेटर घेऊन चालली होतीस ना?”

“तो माझाच आहे.”

“बाहीवरचं रफू कोणाचं?”

“रफू तुझं, स्वेटर माझा.”

“आई, निघायला हवं,” मुलगा म्हणाला.

“तू गप्प बस,” दोघी एकदमच म्हणाल्या.

मिस्त्री आत्याची काठी धरून गाडीजवळ उभे राहिले. हात मधूनमधून रिकाम्या खिशाकडे जाऊन परत यायचा. बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ते त्या दोघींनाच बघत राहिले. बराच वेळ स्वेटरचा निकाल लागला नाही. मग समोरचीने तो अंगातून काढला आणि आत्याच्या मांडीवर ठेवला, आणि आत्याने तो पुन्हा तिच्या खांद्यावर घातला. मग काठी मागून घेऊन ती गाडीतून उतरली.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर आत्याने मिस्त्रींचा दंड धरला. “चल, वर ने. आणि तुझा तो ओरडणारा पण काढ खड्ड्यातून, बॅटरी संपली असेल बिचाऱ्याची.”

त्या दिवसाने मिस्त्री बरे झाले असं कोणी समजू नये. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पलंगाच्या कडेवर, हातात मोजा. तेवढ्यात आत्याचा फोन आला.

“बाळ्या, लिफ्टमधून कसलातरी खडखड आवाज येतोय. मला भीती वाटते.”

मिस्त्री गेले. लिफ्ट लोण्यासारखी चालत होती. आवाज कसलाही नव्हता, हे पहिल्याच खेपेला त्यांना कळलं. तरी त्यांनी गंभीर चेहऱ्याने पिशवी उघडली, फोन आत्याच्या पर्समध्ये टाकला आणि म्हणाले, “तपासायला खाली-वर जावं लागेल. तू आत बस.”

“बसते की,” आत्या म्हणाली. “आणि खाली गेलोच आहोत तर फाटकापर्यंत चालून बघू. तिथे ऐकू येतो का तो आवाज.”

तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा त्या लिफ्टमध्ये आवाज येतो. सेक्रेटरींनाही तो कधी ऐकू आलेला नाही. मिस्त्री कधी येतात, कधी ‘उद्या येतो’ म्हणतात. पण त्या ‘उद्या’ला हल्ली कधीकधी परवा असतो.