मनाई आजपर्यंतच

ऑफिसात तिला सगळे ‘सर्टिफिकेट’ म्हणत. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला वकिलाच्या हाताखाली काम करून तसा दाखला कॉलेजात द्यावा लागतो, म्हणून पहिल्याच दिवशी दारात उभी राहून ती म्हणाली होती, “सर, मला सर्टिफिकेट हवंय.” झालं! तेव्हापासून “सर्टिफिकेट, चहा सांग”, “सर्टिफिकेट, झेरॉक्स आण”. पोरगी हसतहसत सगळं करायची. घरी आई मात्र शेजारणींना सांगत सुटायची, “आमची लेक रोज कोर्टात जाते बरं का!” हॉस्पिटलातल्या चादरी धुऊन त्या माउलीचे हात सोलवटले होते, तरी लेकीच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री तीच करायची.

ऑफिसच्या बाकावर एक शिवणकामवाल्या मावशी येऊन बसायच्या. पुढे मशीन, मागे संसार, अशी त्यांची एकुलती एक खोली. नवरा अर्धांगाने खाटेला खिळलेला. खालच्या कोर्टात त्या हरल्या होत्या आणि घरमालकाला ताबा द्यायचा हुकूम झाला होता. सरांनी वरच्या कोर्टात अपील करून त्या हुकमाला तात्पुरती मनाई मिळवली होती. पण ही मनाई फक्त पुढच्या तारखेपर्यंत टिकते. तारीख आली की उभं राहून ‘मनाई पुढे चालू ठेवा’ असं तोंडाने मागावं लागतं. नाही मागितलं, तर संपली! वकिलांच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की नव्या माणसाला ते सांगावं लागतं हेच त्यांच्या डोक्यात येत नाही.

त्या दिवशी सरांची एक मोठी केस वरच्या मजल्यावर लागली.

“तू खाली मावशींच्या कामात उभी राहा. तारीख घ्यायची आणि यायचं. बस.”

“पण सर, मी अजून वकील नाही.”

“खुंटीवरचा काळा कोट घाल. कोण विचारतंय!”

पुकारा झाला. कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, तरी ती उभी राहिली आणि तारीख मागितली. समोरचे वकील म्हातारे, बोलायला लोण्यासारखे. “तारखेला आमची ना नाही, साहेब. मनाई आजपर्यंतच आहे, एवढं नोंदवून घ्यावं.”

न्यायाधीशांनी मान वर न करता विचारलं, “तुमची काही हरकत?”

तारीख मिळाली, एवढंच तिच्या डोक्यात शिरलं होतं. जीव भांड्यात पडला होता. दिवसभर कुणी काही सांगितलं की तिच्या तोंडी एकच उत्तर असायचं, तेच बाहेर पडलं. “हरकत नाही, साहेब.” वर हसलीसुद्धा! मागच्या बाकावरून मावशींनी तिला हात जोडले.

संध्याकाळी सरांनी सहज विचारलं, “मनाई वाढवून घेतलीस ना?” आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली.

दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडताच अर्ज द्यायचं ठरलं. पण समोरचे काय झोपले होते? कोर्ट उघडायच्या आत कोर्टाचा बेलिफ पोलीस घेऊन मावशींच्या दारात हजर. सामान रस्त्यावर आलं. सरांनी मावशींना फोनवर सांगून टाकलं, “न्यायाधीशांनी ऐकलंच नाही हो.”

“सर, मी वकीलच नाही,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. “माझ्या ‘हरकत नाही’ला काही अर्थच नाही, असं लिहून दिलं तर?”

“आणि तुला कोट घालून उभं मी केलं, हेही लिहायचं का? माझी वकिलीची सनद जाईल. तुला तर कधी मिळायचीच नाही. आईला काय सांगशील?”

तिला राग आला, सरांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. ती तडक मावशींच्या गल्लीत गेली. मशीन गटाराच्या कडेला होतं. खाट भर उन्हात. नवऱ्याच्या तोंडावर ओला टॉवेल.

“ये बाळा,” मावशी म्हणाल्या. “तू तरी आमच्यासाठी उभी राहिलीस गं.”

एवढं ऐकलं आणि तिचा बांध फुटला. रडत रडत तिने सगळं सांगितलं. तारीख, हरकत, अंगातला उसना कोट, सगळं. मावशी ओरडल्या नाहीत. पदराने तोंड पुसून त्यांनी एवढंच विचारलं, “तू वकील नाहीस, हे लिहून दिलंस तर खोली परत मिळेल?”

“मिळू शकते.”

“मग दे ना लिहून, बाळा.”

सरांचं उत्तर तिला ठाऊक होतं, विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी ती म्हणाली, “सरांना विचारून सांगते.”

मावशींनी वाकून खाटेचा पाय धरला.

“यांना सावलीत घ्यायचंय,” त्या म्हणाल्या. “जरा बाजूला व्हा, मॅडम.”