एका बोटीला एकच बूच

आमच्या बोटशेडमध्ये किस्से साठायला वेळ लागत नाही. वर्षातले दहा महिने कृष्णा गुडघाभर असते, बोटी ताडपत्रीखाली, आणि पुरातून माणसं काढणारे आम्ही स्टुलावर बसून चहा पितो. मग कुणी ना कुणी येतं आणि म्हणतं, "फौजी, त्या बुचाचं सांगा की!" मी सांगतो. ऐकणारा पोट धरून हसतो. मला मात्र अजून राग येतो. तुम्ही खुशाल हसा, पण मी हे रागातच सांगणार!

फौजी म्हणजे मी. फौजेत इंजिनिअर पलटणीत होतो, तिथं होड्या चालवल्या. रिटायर होऊन इस्लामपूरजवळच्या गावी आलो आणि पूर-बचाव पथकात बोट ड्रायव्हर झालो. जोडीला सलीमभाई मेकॅनिक. विहिरीवरच्या मोटारीपासून बोटीच्या इंजिनापर्यंत काहीही उघडतो आणि, मुख्य म्हणजे, परत जोडतो.

*

राग कशाचा, ते आधी ऐका.

माझी थोरली बहीण आक्का नदीकाठच्या मळीत, म्हणजे गाळाच्या रानातल्या वस्तीवर, राहते. दाजींचं अर्धं अंग लुळं पडलंय. बोलणंही एकेक शब्द तोडून. डोकं मात्र आपल्या चौघांना पुरून उरेल असं.

मागच्या पुरात मी आमची जुनी बोट घेऊन त्यांच्या गच्चीला लागलो. ही बोट व्ही तळाची, म्हणजे खालून कुऱ्हाडीच्या पात्यासारखी निमुळती. धारेत पळायला लागली की लाटा अशा चिरत जाते की बघत राहावं! पण थांबली की तिचं सगळं अवसान जातं. दोन माणसं एका कडेला आली तरी कलंडते.

आम्ही दाजींची खाट उचलून बोटीच्या काठावर टेकवली. बोट एवढी झुकली की आत बसलेल्या बायका ओरडायला लागल्या. भसाभसा पाणी आत. खाट परत गच्चीवर! असं चार वेळा झालं. शेवटी दाजीच म्हणाले, "ऱ्हाऊ... दे." आक्का त्यांना सोडून येईना. तीन दिवस दोघांनी गच्चीवर, ताडपत्रीखाली, चुरमुरे खाऊन काढले.

पाणी उतरल्यावर मी गेलो, तर दाजी म्हणतात, "बोट... झ्याक हाय रं. फकस्त... मानूस चढवायची... सोय न्हाई!"

वस्तीवरचे सगळे हसले. मी घरामागं जाऊन रडलो. आणि ठरवलं, पुढच्या पुराच्या आत दाजींची खाट सपाट चढेल अशी बोट पथकात आणायचीच.

*

नवीन बोट घ्यायची ठरली. कमिटी नेमली. कमिटीवर पाण्याचा अनुभव असलेला अधिकारी हवा, असं ठरलं. मी खूश! म्हटलं, आता कुणीतरी आपल्यातला येणार.

आले ते आमचे साहेब. त्यांचा पाण्याचा अनुभव कुठला? माण आणि आटपाडीकडं उन्हाळ्यात टँकर सोडण्याचा! माणूस कामाला वाईट नव्हता, टँकर वेळेवर पाठवायचा म्हणे. पण पहिल्याच मीटिंगला त्यांनी बोटीचा फोटो हातात घेतला, चष्मा वर केला आणि मला विचारलं,

"हिच्यात पाणी किती मावतं?"

*

निवड दोनातून करायची होती. एक व्ही तळाची, जुनीच्याच जातीची. दुसरी कॅटामरान. आम्ही तिला जोडबोट म्हणतो. खाली दोन अरुंद तळ शेजारीशेजारी, मध्ये मोकळी जागा, वरून एकच सपाट फळी. दोन तळांना दोन इंजिनं, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं.

साहेब म्हणाले, "आपली मागणी एका बोटीची आहे. या दोन दिसतायत."

सलीमभाई पुढं झाला. "साहेब, एकच हाय. आता बघा, यष्टीत हुबं ऱ्हाताना तुमी पाय जोडून ऱ्हाता का फाकवून?"

मी मनात म्हटलं, वा! याच्यापेक्षा सोपं करून कोण सांगणार? साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले,

"मी एस.टी.नं जात नाही."

*

मग ट्रायल. पूर काय सांगून येत नाही, म्हणून मीच हट्ट धरला की खवळलेल्या पाण्यात दोन्ही बोटी चालवून बघायच्या. आमच्या नदीत तेव्हा बेडूकसुद्धा चालत जात होते. म्हणून सगळी वरात साताऱ्याकडं, कोयनेच्या बॅकवॉटरला. तिथं वारा डोंगरातून सुटला की पाणी असं उसळतं की लाँचवाले लाँच बांधून ठेवतात.

सकाळी पोचलो. काय नशीब! वारा घोंघावतोय, लाटा काठावर आपटतायत. मी लाइफ जॅकेट चढवून तयार. साहेबांनी एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"आत्ता नको. वारा पडू दे, मग ट्रायल घेऊ."

जेवण झालं. मासे झाले. साहेबांची डुलकी झाली. चार वाजता वारा पडला, पाणी परातीत ओतल्यासारखं! त्यात दोन्ही बोटी एकेक चक्कर. फॉर्मवर रकाना होता, 'खवळलेल्या पाण्यातील कामगिरी'. साहेबांनी लिहिलं, समाधानकारक. दोन्हींना!

मी म्हटलं, "साहेब, पाणी खवळलंच नव्हतं!"

"मग चांगलंच आहे की, फौजी. तेही लिहा, पाणीसुद्धा समाधानकारक होतं."

तिथंच फॉर्म फाडावासा वाटला, आई शप्पथ!

*

साहेब गेले. इंजिनातून आवाज येतोय अशी थाप मारून मी आणि सलीमभाई मागं राहिलो. खरी ट्रायल आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली, वाऱ्यात! खानावळवाल्याकडून एक खाट मागून आणली, आणि खाटेवर पेशंट म्हणून सलीमभाई आडवा.

आधी व्ही बोट. खोटं कशाला बोलू, समोरून येणाऱ्या लाटेत तिचा हात धरणारी बोट नाही. आपटत नाही, चिरत जाते. पण मधेच थांबवली आणि लाट कडेनं लागली, तशी ती डोलायला लागली. खाट या काठावरून त्या काठावर! सलीमभाईनं दोन्ही हातांनी खाटेचे पाय धरले आणि ज्या ज्या पिराचं नाव आठवलं त्याला हाक मारली.

मग जोडबोट. चार लाँचवाले मुद्दाम एका कडेला उभे केले. जागची हलली नाही! लाटेवर उभी, खाट सपाट. दोषही होते, तेही बघितले. वळताना ती बाहेरच्या अंगाला झुकते, सवय नसेल तर पोटात गोळा येतो. आणि माणसं जास्त भरली की दोन तळांमधली मोकळी जागा पाण्याला टेकते. मग लाटा खालून अशा हाणतात की दात वाजावेत. म्हणून माझं मत, जोडबोटच घ्या, पण भार बेतानं.

काठावर आलो. सलीमभाई खाटेवरच उठून बसला.

"फौजी, पयल्या बोटीत मी खरंच पेशंट झालो. दुसरीत झोप लागली!"

हे सगळं मी तीन पानांत लिहून दिलं, दोषांसकट. आठ दिवसांनी अहवाल परत आला. खाली साहेबांचा लाल शेरा: 'पेशंटची सही नाही.'

मी शिव्या घातल्या. सलीमभाईनं सही केली.

*

तरी शेवटी जोडबोटच आली! का, ते विचारू नका. वरच्या कुणालातरी रंग आवडला, असं म्हणतात. मला काय, मी दाजींना फोन करून सांगितलं, "दाजी, तुमची बोट आली!" ते म्हणाले, "पूर... कवा हाय?"

पण आनंद टिकला जाधव भाऊसाहेबांच्या टेबलापर्यंत. जाधव आमचे स्टोअरकीपर. त्यांच्या रजिस्टरात नसलेली वस्तू या जगात नाही.

आता बोटीच्या तळाला मागच्या बाजूला एक भोक असतं. बोट वर काढली की आतलं साठलेलं पाणी तिथून काढायचं, आणि पाण्यात घालताना बूच घट्ट लावायचं. जुन्या बोटीला एक तळ, एक भोक, एक बूच. जोडबोटीला दोन तळ, म्हणून कंपनीनं दोन बुचं पाठवली.

जाधवांनी रजिस्टर उघडलं. एक बूच बोटीला दिलं आणि दुसरं ऑफिसातल्या आपल्या कपाटात टाकून कुलूप लावलं!

"भाऊसाहेब, ते दुसरं?"

"राखीव. एका बोटीला एकच बूच. जुन्या बोटीला किती हाय?"

"एक. पण हिला तळ दोन हायेत!"

"रजिस्टरला बोट किती?"

"एक."

"मग झालं की!"

मी डोकं धरलं. भोक दाखवलं, त्यात करंगळी घालून दाखवली. म्हटलं, हिला असं पाण्यात घातलं तर एक तळ भरंल आणि बोट आडवी व्हील. जाधव शांत. "फौजी, पूर आला की अर्ज करा. लगीच देतो."

सलीमभाईनं गुपचूप बाभळीचं लाकूड तासून दुसरं बूच केलं. असं बसलं की थेंब आत येणार नाही! तर पुढच्याच इन्स्पेक्शनला साहेबांनी ते काढायला लावलं. बाहेरचा पार्ट लावला तर वॉरंटी जाते म्हणे. जाधवांनी तेही जप्त केलं, नोंद केली, 'अनधिकृत बूच, नग एक', आणि कपाटात ठेवलं.

म्हणजे कपाटात बुचं दोन आणि बोटीत एक!

*

आणि मग पूर आला.

सकाळी सात वाजता आक्काचा फोन. "शंकर, पानी जोत्याला लागलंय रं. ह्यांस्नी गच्चीवर घेतलंय. बोट आणतोस न्हवं?"

मी अर्ज लिहिला. हो, लिहिला! पाऊस कोसळतोय, माझी बहीण गच्चीवर, आणि मी 'महोदय, एक नग बूच मिळणेबाबत' लिहितोय. साहेबांची सही घेतली. जाधव किल्ली घेऊन निघाले आणि दहा मिनिटांत परत आले. ऑफिसचा तळमजला पुरुषभर पाण्यात आणि कपाट पार बुडालेलं.

जुन्या बोटीचं बूच हिच्या भोकात बसेना. सलीमभाईनं दाणे काढलेलं मक्याचं कणीस घेतलं, त्यावर ट्यूबचं रबर गुंडाळलं, भोकात ठोकलं. "चला, फौजी!"

साहेब ट्रॉलीच्या आडवे उभे राहिले. जोडबोटीची चावी त्यांच्या खिशात. "कणीस लावून मी सरकारी बोट पाण्यात घालू देणार नाही. बुडाली तर जबाबदार कोण?"

"आन् ती दोघं बुडाली तर?" मी ओरडलो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत साहेबावर पहिल्यांदा ओरडलो. त्यांनी मान खाली घातली, पण चावी दिली नाही.

शेवटी जुनीच बोट काढली. वाटेत मी एकच हिशोब करत होतो, खाट कशी चढवायची, खाट कशी चढवायची.

मळीत शिरलो. आक्काची गच्ची दिसली. गच्चीवर कुणीच नव्हतं! खाटपण नाही. मी इंजिन बंद केलं आणि हाका मारल्या, "आक्का! दाजी!" आवाज सगळा पाण्यावरून निघून गेला.

तेवढ्यात बुडालेल्या उसाच्या कडेनं, जिथं धार नव्हती तिथून, काहीतरी सपाट, संथ येताना दिसलं. गुऱ्हाळातल्या दोन काहिली! गूळ उकळायच्या, माणसभर रुंद. शेजारीशेजारी, मध्ये मोकळी जागा सोडून, वरून बांबूच्या दोन शिड्या आडव्या टाकून दोरानं करकचून बांधलेल्या. शिड्यांवर दाजींची खाट, खाटेवर छत्री धरून दाजी. एका काहिलीत आक्का बांबू रेटतेय, दुसरीत वस्तीवरचे दोघं. पाऊस धो धो, पण खाट तसूभर हलत नव्हती.

"आवं दाजी, हे कुणी शिकवलं?"

"तूच की. दर... आयतवारी... जेवताना. दोन तळ... दोन तळ!"

"माजी भाकरी गार करून सांगायचास मेल्या," आक्का म्हणाली, आणि ती हसतेय की रडतेय ते पावसात कळेना. मी लाट उठू नये म्हणून इंजिन बारीक ठेवून त्यांच्या मागं मागं गेलो, पार रस्त्याच्या भरावापर्यंत.

भरावावर साहेब उभे, शेजारी जाधव, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत रजिस्टर. लोकांनी खाट उचलून रस्त्यावर घेतली. साहेब खाटेला वाट द्यायला मागं सरले. जाधव मात्र पुढं आले, वाकले, दोन्ही काहिलींच्या खाली नीट निरखून बघितलं, पेन काढलं आणि विचारलं,

"फौजी, हिला बुचं किती?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात दाजींनी धड असलेला हात वर करून मला थांबवलं.

"आमी... भोकंच... पाडत न्हाई, भाऊसायेब!"