तांबोळी मॅडम बोटे ऐकतात

राहात्याच्या बाजारपेठेत पेरूच्या आडतीमागून एक अरुंद जिना वर जातो. त्या जिन्याच्या टोकाला खातून बाबाजान तांबोळी यांचा टायपिंगचा वर्ग आहे. चौतीस वर्षांत या जिन्याने चढून गेलेली माणसे आज तालुक्याच्या कचेऱ्यांत, न्यायालयांत आणि शाळांच्या कार्यालयांत बसलेली आढळतात. साकुरी, अस्तगाव, पिंपळस अशा गावांतून ती आली, दहा बोटे चालवायला शिकली आणि पांगली. त्यांच्यापैकी कुणालाही मॅडमविषयी विचारले, तर तो प्रथम एकच गोष्ट सांगतो: मॅडम आपल्याकडे पाहत नसत.

हे अक्षरशः खरे होते. वर्गात चौदा टाइपरायटर असण्याच्या काळात मॅडमची खुर्ची भिंतीकडे तोंड करून असे. समोर आदल्या दिवशीच्या कागदांचा गठ्ठा, हातात लाल पेन आणि पाठीमागे चौदा यंत्रांचा कडकडाट. त्या कल्लोळात मान न वळवता त्या म्हणत, "पाच नंबर, करंगळी झोपली." पाच नंबरच्या यंत्रावरचा मुलगा दचकून आपल्या करंगळीकडे पाही, आणि ती खरोखरच शेजारच्या बोटाला टेकून बसलेली असे. यात चमत्कार नव्हता. प्रत्येक बोटाचे बळ वेगळे, म्हणून प्रत्येक बोटाचा ठोकाही वेगळा. ज्याने तो हजारो वेळा ऐकला आहे, त्याला तो ओळखू येणारच. मॅडम स्वतः याला विद्या म्हणत नसत. "भाकरी थापताना आवाजावरून कळतं की नाही, पीठ सैल झालं म्हणून? तसंच," असे म्हणून त्या विषय संपवत.

पुढे सरकारी परीक्षा संगणकावर गेली आणि चौदा टाइपरायटरच्या जागी सात संगणक आले. सोबत आलेले कीबोर्ड मऊ होते. त्यांच्या सगळ्या बटणांखाली रबराचा एकच पडदा असतो, त्यामुळे कुठलेही बोट कसेही पडले तरी उशीवर थाप मारल्यासारखा एकसारखा, दबका आवाज येतो. मॅडमना काही ऐकू येईना. तेव्हा त्या खुर्चीवरून उठल्या आणि मुलांच्या मागे उभे राहून त्यांच्या हातांकडे पाहत शिकवू लागल्या. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी त्यांनी आपली शिकवण्याची पद्धत बदलली आणि त्याविषयी कधी तक्रार केली नाही. सहा वर्षे ते निभावले.

मग डोळे गेले. पूर्णपणे नव्हे. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. समोरच्या माणसाचे कान दिसत, खांदे दिसत, पण चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग दिसे. कीबोर्डकडे पाहिले, तर नेमके हात नाहीसे होत. ही गोष्ट घरात फक्त काशिफला, म्हणजे त्यांच्या भावाच्या मुलाला ठाऊक होती. वर्गातले संगणक आणि परीक्षेचे अर्ज तोच पाही. विद्यार्थ्यांपैकी कुणाला संशय आला नाही, कारण मॅडम जिन्यावरच्या पावलांवरून प्रत्येकाला ओळखत आणि नावाने हाक मारत. त्या पूर्वीसारख्याच मुलांच्या मागून फिरत. फरक एवढाच, की आता त्या अंदाजाने रागावत.

काशिफने एक तोड सुचवली होती. "फुफी, कॉम्प्युटर सगळं सांगतो. स्पीड किती, चुका किती. तुम्ही नुसतं खुर्चीवर बसा. पोरं तुमच्या नावावर येतात."

"चुका किती हे तो सांगतो. का झाल्या हे कोण सांगणार? नुसतं बसायचंच असेल तर घरी पलंग आहे."

येणारी परीक्षा झाली की वर्ग बंद करायचा, असे त्यांनी त्याच दिवशी ठरवले. ज्याच्या बोटांत काय चालले आहे ते आपल्याला कळत नाही, त्याला आपण शिकवतो असे म्हणणे ही लबाडी आहे, इतका सरळ त्यांचा हिशेब होता. हा निर्णय काशिफला सोसेना. त्याने पुण्याला फोन केला आणि मॅडमच्या डोळ्यांचे सांगितले.

फोन गेला सम्राट बनसोडेकडे. सम्राट पंधरा वर्षांपूर्वी याच वर्गात शिकला होता आणि आता पुण्यात संगणकाच्या कंपनीत कामाला होता. आई भामाबाईंना भेटायला तो राहात्याला आला, तेव्हा रविवारी सकाळी वर्गावर हजर झाला. वर्गाला सुट्टी होती. अस्तगावची संस्कृती नावाची मुलगी तेवढी सरावासाठी आली होती. परीक्षा तोंडावर आली असूनही तिचा वेग एका ठिकाणी अडून बसला होता, आणि मॅडम चार महिने तिला एकच वाक्य ऐकवत होत्या: "तुझं लक्ष नाही."

सम्राटने खिशातून तळहाताएवढी एक पारदर्शक पट्टी काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर तीन ओळींत नऊ बटणे बसवलेली होती.

"हे काय आणलंस? कॅल्क्युलेटर?" मॅडमनी बोटांनी चाचपत विचारले.

"न्हाई मॅडम, नमुने हायेत. एका वेगळ्या जातीच्या कीबोर्डाचे. त्याच्यात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो, त्याची स्वतःची स्प्रिंग असते. स्विच बदलला की बोटाला वेगळं लागतं, आवाज बदलतो. मी थेट कीबोर्डच आणणार होतो, पण काशिफ म्हणाला, फुफी पेरूसुद्धा दाबून बघितल्याशिवाय घेत न्हाईत."

"खरंच म्हणाला. बसा सगळे."

त्यांनी नऊही स्विच सावकाश दाबून पाहिले. एक इतका ताठ होता, की करंगळीने खाली जाईना. एकाला मध्येच अडथळा होता. अंधारात जिना उतरताना न मोजलेली पायरी लागावी, तसा. एक पाण्यात बोट बुडवल्यासारखा विनाअडथळा तळाला गेला. आणि निळा स्विच दाबताच खोलीभर टक् असा खणखणीत आवाज झाला.

"आलं ना मशीन परत!" सम्राट खूश होऊन म्हणाला. "मला माहीत होतं. डिट्टो आपला जुना टाइपरायटर. हाच घेऊ, मॅडम."

मॅडमचा चेहरा उजळला होता. त्यांनी निळा स्विच पुन्हा दाबला, मग पुन्हा, आणि मग कितीतरी वेळ दाबत राहिल्या. काशिफने सुटकेचा श्वास सोडला. संस्कृतीसुद्धा हसली. एवढ्यात मॅडम उठल्या, पट्टी सम्राटच्या हातात दिली, खुर्ची ओढली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"आता तुम्ही दाबा. तिघांनी आळीपाळीनं. कोण दाबतंय ते सांगायचं नाही."

टक्. टक्. टक्.

"पुन्हा."

पुन्हा तीन ठोके झाले. मॅडमच्या पाठीवरूनच काहीतरी बिनसल्याचे कळत होते.

"तिघांनी दाबलं?"

"व्हय."

"मला एकच माणूस ऐकू आला." त्यांचा आवाज खाली आला होता. "ह्याच्यात बटणच बोलतंय, सम्राट. बोट कुठं बोलतंय?"

सम्राट निळ्या स्विचकडे पाहत राहिला. त्या स्विचच्या आत एक बारीकसा तुकडा असतो आणि आवाज तोच करतो. जोरात दाबा, हळू दाबा, घाबरत दाबा. तो टक् असाच वाजणार. सम्राट स्वतः सहा वर्षे तसाच कीबोर्ड वापरत होता. ही गोष्ट त्याला ठाऊक होती, पण तिचा अर्थ आज प्रथमच लागला. मॅडमना टाइपरायटरची आठवण हवी आहे, असे त्याने गृहीत धरले होते. त्यांना विद्यार्थी हवा होता.

"आपल्याला माणसांतला फरक ओळखायचाय, आवाज करायचा नाहीये," मॅडम म्हणाल्या. "तो मघाचा, पाण्यासारखा. तो दाबा."

तो लाल होता. त्याला स्वतःचा आवाज नव्हता. बटण तळाला टेकताना आणि परत वर येताना जो काही सौम्य ठोका होई, तेवढाच. सम्राटने तो दाबला.

"सम्राट. अजून दार आपटल्यासारखं मारतोस. पंधरा वर्षं झाली, सुधारला नाहीस."

सम्राट ओशाळून हसला. काशिफने दाबला.

"हा काशिफ. आणि अंगठा वापरलास. मोबाईल खेळून खेळून बाकीची बोटं ठेवायला दिलीयेस वाटतं?"

"फुफी, आता माझी परीक्षा कशाला घेताय?" काशिफ हसत ओरडला. मॅडमच्या आवाजातली ती जुनी धार त्याने वर्षभर ऐकली नव्हती.

"संस्कृती, डावा हात. करंगळीपासून सुरू कर. एकेक बोट, एकाच बटणावर. दमानं."

संस्कृतीने करंगळी टेकवली. मग दुसरे बोट, मग तिसरे, मग चौथे.

"पुन्हा."

तिने पुन्हा तसेच केले. खालून आडतीतला हमालांचा गलका ऐकू येत होता. मॅडमनी मान किंचित तिरकी केली होती.

"करंगळीच्या शेजारचं बोट उशिरा टेकतं," त्या हळूच म्हणाल्या. "टेकतं, पण पूर्ण नाही. काय झालंय त्याला?"

संस्कृतीने हात मांडीखाली लपवला. मग तो लपवण्यात अर्थ नाही, हे बहुधा तिच्या ध्यानात आले. "लहानपनी कडबा कुट्टीच्या मशिनीत सापडलं हुतं, मॅडम. जोडलंय, पन वाकत न्हाई नीट."

"चार महिने बोलली का नाहीस?"

"तुमी पहिल्याच दिवशी म्हनाला, धा बोटं लागतात. मला वाटलं, सांगितलं तर परत पाठवताल."

मॅडमनी खुर्ची वळवली. समोर मुलीचे खांदे दिसत होते. चेहऱ्याच्या जागी तो डाग होता. चार महिने त्या या मुलीच्या पाठीमागे उभ्या राहिल्या होत्या, तिच्या हातांकडे पाहिल्याचे सोंग करत होत्या, आणि एका जायबंदी बोटाला आळशी ठरवत होत्या.

"जवळ ये," त्या म्हणाल्या. संस्कृती जवळ आली. त्यांनी तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि ते बोट सांध्यासांध्याने दाबून पाहिले, जसे मघाशी स्विच पाहिले होते. "तुझं लक्ष होतं. माझेच डोळे नव्हते. मला दिसत नाही, बाळ. तुझे हात मला कधी दिसलेच नाहीत. मीही सांगितलं नाही. मला वाटलं, कळलं तर तुम्ही सगळे निघून जाल."

"मंग आता वो?" संस्कृतीने विचारले.

"आता ह्या बोटाचं काम शेजारच्याला देऊ. मधलं बोट दांडगं असतं, दोन घरं सांभाळेल. नऊ बोटांनी हात बसव."

दहा बोटांचा नियम चौतीस वर्षांत त्यांनी कुणासाठी मोडला नव्हता. तो मोडताना त्यांना अर्धा क्षणही लागला नाही, ही गोष्ट काशिफने नंतर अनेकांना सांगितली.

लाल स्विचचा कीबोर्ड मागवायचे ठरले. एकच. काशिफने एक रास्त शंका काढली: परीक्षा केंद्रावर साधेच कीबोर्ड असणार, मग मुलांना याची सवय लागली तर?

"डॉक्टर छातीला नळी लावतो, ती पेशंट घरी घेऊन जातो का?" मॅडम म्हणाल्या. "रोज प्रत्येकानं ह्याच्यावर दहा मिनिटं बसायचं. मी ऐकेन. बाकीचा सराव साध्यावर."

कीबोर्ड यायला बारा दिवस लागले. तो जोडून झाल्यावर मॅडमनी सगळ्या मुलांना उभे केले आणि जे एकीला सांगितले होते ते सर्वांना सांगितले. वर्षभरापासून आपल्याला कुणाचे हात दिसत नाहीत, हे त्यांनी कसलीही प्रस्तावना न करता बोलून टाकले. "ज्याला दुसरीकडे जायचंय त्यानं जावं. माझा राग नाही. जो राहील, त्याला मी ऐकेन."

आधी मच्छिंद्रने तोंड उघडले. दोन मुलांचा बाप असलेला हा गृहस्थ लिपिकाच्या भरतीची ही शेवटची संधी म्हणून वर्गाला येत असे. "म्हंजे मॅडम, तुमी मागं उभ्या राहिल्या की आमी पाठ ताठ करून बसायचो, ते सगळं फुकटच गेलं म्हना की."

"पाठ ऐकू येते, मच्छिंद्र. तुझी खुर्ची करकरते."

हशा उसळला. त्या हशात मॅडमही होत्या. कुणी जिन्याकडे गेले नाही. संस्कृतीला नव्या कीबोर्डवर बसवण्यात आले आणि मॅडमनी आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली. सुरुवातीला नऊ बोटांचे ठोके अडखळत पडले. मधले बोट दोन घरांमध्ये वाट चुकत होते. मॅडम त्या चुकांना काही बोलल्या नाहीत. पानाच्या मध्यावर कुठेतरी ठोके सलग लागू लागले, आणि त्या सलगतेत प्रत्येक बोट वेगळे ऐकू येत होते: करंगळीचे नाजूक, तर्जनीचे ठाम आणि दुप्पट काम करणाऱ्या मधल्याचे किंचित धापा टाकणारे.

"काशिफ," मान न वळवता मॅडम म्हणाल्या, "परीक्षेनंतरच्या सत्राचे अर्ज घ्यायला लाग. पण बारांच्या वर घेऊ नकोस. एकेकाला ऐकायला वेळ लागतो."