मामंजींची न दुखणारी गाठ

आमचे मामंजी वेंकोजीराव रेल्वेत फिटर होते. रिटायर झाल्यावर कुणी न सांगता पायांचे डॉक्टर झाले. रविवारी सकाळी चामराजपुरमच्या आमच्या कट्ट्यावर निम्मी गल्ली पाय धुऊन बसायची. मामंजी गाठीवर अंगठा सरळ दाबायचे. माणूस ओरडला की कुरूप. मग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायचे. तेव्हा ओरडला तर चामखीळ. चामखीळवाल्याला दवाखान्यात धाडायचे, कुरूपवाल्याचा पाय मिठाच्या कढत पाण्यात बुडवून ब्लेडनं सोलायचे. आणि ओरडलाच नाही तर, "सुम्मने आलास, उगीचच. घरी जा." कॉफी मात्र सगळ्यांना मीच करायची.

एके दिवशी मी पुसलेली फरशी वाळली, तरी मामंजींच्या मागे एकच पाऊल ओलं उमटत गेलं. त्यांना खुर्चीत बसवून पाय उचलून बघितला. अय्यो! तळव्याला सुपारीएवढी गाठ, कडेनं पाणी झिरपतंय. आणि मामंजींना दहा वर्षं शुगर!

"डॉक्टरकडे चला."

त्यांनी दाबलं, चिमटीत धरलं. "दुखत नाही. म्हणजे काही नाही."

"हिनकलच्या गंगाधररावांचंही दुखत नव्हतं. शुगरनं गुडघ्यापासून पाय गेला त्यांचा!"

"मी बघितला होता तो पाय," मामंजी म्हणाले. "काही नव्हतं त्याला." आणि पेपर उघडला.

आठवडाभर मी कंठशोष केला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी सरळ खोटं बोलले. म्हटलं, विशालाक्षी डॉक्टरीणबाईंना एक गाठ ओळखता येईना, तुम्हाला बोलावलंय. मामंजींनी इस्त्रीचा शर्ट घातला, नवं ब्लेड खिशात ठेवलं आणि माझ्या आधी रिक्षात बसले.

"पेशंट कुठाय?" त्यांनी दवाखान्यात विचारलं.

बाईंनी त्यांनाच टेबलावर बसवलं. "डोळे मिटा. पायाला दोरा टेकवते. कळला की सांगा."

मामंजी डोळे मिटून बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सुरू करा की!"

"दहा ठिकाणी टेकवून झाला, यजमानरे."

मामंजींनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघत राहिले.

बाईंनी गाठ उघडली. आतून चपलेचा खिळा निघाला, चांगला अर्धा इंच. मामंजी किती दिवस तो घेऊन मार्केटला जाऊन येत होते, देव जाणे. मग एक्सरे काढला. "हाड वाचलंय. पाय राहील," बाई म्हणाल्या. मी हात जोडले.

जखम धुवायला घेताना बाई रोजच्या सवयीनं म्हणाल्या, "घाबरू नका हं. दुखणार नाही."

मामंजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आठवडाभराचा माझा राग कुठल्या कुठं गेला. मी त्यांचा हात धरला. ते बाईंकडे बघत होते.

"थोडं तरी दुखू द्या हो," म्हणाले.