मागच्या तोंडाचं कुंकू

सेलूच्या आमच्या टायपिंगच्या मामी कॉम्प्युटरशी भांडायच्या. तेही बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "बोल की रे मुक्या, कुणाला लाजायलास?" असं त्या पडद्याला दरडावत आणि आम्ही पोरी कीबोर्डवर मान घालून हसू दाबायचो. त्या कुणाच्याच सख्ख्या मामी नव्हत्या, पण क्लासातली प्रत्येक पोर त्यांची भाची. विनय त्यांच्याकडे औषधालाही नव्हता. "माझ्याएवढी मशीन कुणाला कळत आसंल तर आणा समोर," हे त्या येईल त्याला ऐकवायच्या.

क्लासातली मशीनं जुनी, रडतखडत चालणारी. म्हणून मामींनी दसऱ्याच्या मुहूर्तावर सगळ्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटची, हलकी प्रणाली टाकायचं ठरवलं. आधी तारा काढून मशीनं पुसायची, मग पूजा, मग लिनक्स. पूजेत हयगय त्यांना चालत नसे. "नुसतं पुढचं तोंड पुजू नका गं, मागचं बी पुजा. समदं काम तिकडंच असतंय," त्यांनी बजावलं. आम्हीही ओल्या कुंकवाची बोटं मनोभावे ओढली.

लिनक्स बसलं आणि पडदे बिनसले. अक्षरं भोपळ्याएवढी, सरावाचं पान अर्धंच, आणि पुढे जायचं बटन पडद्याखाली कुठंतरी गडप. मामींनी आल्टची कळ दाबून माउसनं अख्खी खिडकी वर ओढली तेव्हा ते सापडलं, पण परीक्षेचा सराव असा ओढाताण करत कोण करणार? सेटिंगमध्ये पडद्याचं माप बदलावं, तर तिथं दुसरा पर्यायच नाही. गावभर झालं, मामींनी फुकटचं काहीतरी टाकून क्लास बुडवला.

माझ्या तर तोंडचं पाणी पळालं. आमच्या घरी मेंढरं. दसरा झाला की अण्णा, म्हणजे माझे वडील, कळप घेऊन चराईला निघायचे. या वर्षी परीक्षेपर्यंत मला आत्याकडे ठेवायला ते कसेबसे राजी झाले होते. क्लासची बातमी कळताच ते दारात उभे. "बाई, मशीन बिघडल्यात म्हणं. मंग पोरीला संगं नेतो. कळप निघायलाय."

मामी उठल्यासुद्धा नाहीत. "दादा, बसा. च्या घ्या. तुमचा च्या संपायच्या आत न्हाई झालं तर खुशाल न्या." मी अण्णांना कप दिला आणि हळू प्या म्हणून डोळ्यांनीच विनवलं.

"मशीन पडद्याला आधी नाव-गाव इचारतंय," मामी मोठ्यानं सांगू लागल्या, "उत्तर आलं की त्याच्या मापाचं चित्र धाडतंय. न्हाई आलं की आपलं लहानातलं लहान, मग तेच ताणून पडदाभर, म्हणून अक्षरं भोपळ्याएवढी. म्हंजे कुणीतरी मुकं झालंय. पडदा का मशीन, ते बघू." त्यांचं स्वतःचं मशीन कोपऱ्यात भिंतीला चिकटून होतं. लिनक्स तेच, पण तिथं सगळं छान दिसत होतं. त्यांनी माझा पडदा उचलून त्या मशीनला जोडला. लख्ख! पूर्ण पान! पडदा शहाणा होता, लिनक्सही शहाणं होतं.

मग त्यांनी माझं मशीन बंद करून फिरवलं आणि मागं वाकून बघितलं. पडद्याची तार जिथं बसते तिथली बारीक भोकं लालभडक! भिंतीमुळे कोपऱ्यातल्या मशीनच्या मागं आमची बोटं पोचली नव्हती, तेवढं वाचलं होतं. मामी खुर्चीत टेकल्या आणि अशा हसल्या की खुर्ची हलली. "माझीच करणी की गं! मागचं बी पुजा म्हणलं, तर पोरींनी त्याचं तोंडच बुजवलं!"

स्पिरिट आलं, जुना टूथब्रश आला, कापसाच्या वाती आल्या. मामींनी एकेक भोक साफ केलं, तार घट्ट बसवली, मशीन चालू केलं. पडदा या काठापासून त्या काठापर्यंत भरला आणि खालच्या कोपऱ्यात ते बटन ऐटीत उभं. क्लासात एकच जल्लोष झाला. अण्णांनी तळाशी राहिलेला चहा तसाच ठेवला, पडद्याजवळ आले, म्हणाले, "आता समदं दिसायलंय." आणि मला तिथंच ठेवून एकटे कळपामागं गेले. तेव्हा मला रडूच फुटलं, आनंदानं.

परीक्षा मी पास झाले. आज तो क्लास मी चालवते, दसऱ्याला कुंकू फक्त पुढून लावते. मामी मुलाकडे परभणीला जाऊन राहिल्या. परवा भेटायला गेले, तर त्यांच्या डोळ्यांना आता कमी दिसतं. "अक्षरं मोठी करून दे गं," घरच्या कॉम्प्युटरसमोर बसून म्हणाल्या. दिली, चांगली भोपळ्याएवढी. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "खालचं बटन दिसायलंय का पण?"

"दिसायलंय, मामी," मी म्हणाले, "समदं दिसायलंय."