शिरा म्हणून द्या

"वहिनी, शिरा म्हणून द्या. प्रसाद म्हणून नका देऊ."

चंदीगडच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत गजभियेंनी माझ्या बायकोपुढे द्रोण धरून हे वाक्य टाकलं, तेव्हा तिच्या हातातला डाव तसाच थांबला. तिला वाटलं, माणूस भांडायला आलाय. गजभिये मात्र हसत होते. "रागावू नका जी. तुमच्या हातचा शिरा लई चांगला असते, असं आयकलं. देवाच्या नावानं मले चालत नाई, तुपाच्या नावानं चालते." हिनं दोन डाव जास्तच वाढले. ते कोपऱ्यात उभे राहून चवीनं खात राहिले, आणि नंतर कोणी न सांगता हॉलमधल्या सगळ्या लोखंडी खुर्च्या घड्या घालून भिंतीशी लावून गेले. पुढे दरवर्षी हेच. आरतीच्या वेळी चपलांजवळ, हात मागे बांधून उभे. टाळी नाही, कुचेष्टाही नाही. आरती संपली की शिरा, आणि शिरा संपला की खुर्च्या.

गजभिये नागपूरकडचे. सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत भिंगं घासायच्या विभागात होते. मी तिथंच ड्राफ्ट्समन, म्हणजे यंत्रांची चित्रं काढणारा. पण मंडळात माझी ओळख भटजी म्हणून. खरं तर भिक्षुकी आमच्या मिरजेच्या घराण्यात आजोबांबरोबरच संपली होती. पण सबंध शहरात मराठीत पूजा सांगणारा दुसरा कोणी मिळेना आणि माझ्याकडे आजोबांची पोथी होती, एवढ्या भांडवलावर मी उभा होतो. लष्करातले मोठमोठे अधिकारी माझ्यासमोर पाटावर अवघडून बसत आणि मी "पाणी सोडा" म्हटलं की मुकाट्यानं सोडत. घरी मी "पाणी द्या" म्हटलं तरी कोणी जागचं हलत नसे. या सुखाची मला चटक लागली होती, हे कबूल केलेलं बरं. गजभिये मला "दामले महाराज" म्हणत. त्यात थट्टा किती आणि माया किती, हे मला कधीच नीट मोजता आलं नाही.

ते दिवस पंजाबातल्या दहशतीचे होते. बाजाराच्या तोंडाशी वाळूची पोती, चौकाचौकात तपासणी. आरती पाचलाच उरकावी लागे, कारण अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असे. एका वर्षी मूर्ती आणताना सेक्टर बावीसच्या नाक्यावर शिपायानं माझी पूजेची पेटी उघडायला लावली. कापूर, वाती, गुलाल आणि काळ्या बुक्क्याची पुडी. "ये काला पौडर क्या है जी?" त्यानं विचारलं. मला बुक्क्याला हिंदीत काय म्हणतात ते आठवेना. मी नुसताच घाम पुसू लागलो. गजभिये मागून पुढे झाले. "भाईसाब, ये आदमी खतरनाक है, पर सिर्फ संस्कृत में." शिपाई खो खो हसला आणि आम्हाला सोडलं. पुढचे कित्येक महिने प्रयोगशाळेच्या कॅन्टीनमध्ये माझी ओळख याच वाक्यानं करून दिली जात होती.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो बुद्धपौर्णिमेला. दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर दोन तसबिरी : एक बुद्धांची आणि दुसरी निळ्या कोटातली, जिच्यासमोर नागपूरचा माणूस आपोआप ताठ उभा राहतो. मेणबत्ती, तीन उदबत्त्या, मोगऱ्याची ओंजळभर फुलं. ना पळी, ना ताम्हन, ना "आता हे वाहा, आता ते वाहा". गजभिये आणि शांताबाई पांढऱ्या कपड्यांत गुडघ्यावर बसले आणि सावकाश म्हणू लागले, "बुद्धं सरणं गच्छामि..." मूलबाळ नसलेल्या त्या घरात दोन आवाज एकमेकांना धरून चालल्यासारखे वाटत होते. माझ्यातला भटजी आधी जरा नाक मुरडून ऐकत होता; मग लक्षात आलं की मी इतक्या पूजा सांगितल्या, पण एकदाही इतक्या हळू म्हटलं नाही. वंदना झाल्यावर शांताबाईंनी खीर आणली. गजभिये म्हणाले, "खीर म्हणून घ्या, महाराज. आणखी काई म्हणून घेतली तर तुमचे आजोबा सपनात येतीन."

त्यांच्या कामाचा एकच मंत्र होता. "काचेले घाई समजते जी. तुमी लपवलं तरी ते दाखवतेच." एक भिंग ते दिवस दिवस घासत. बोटांनी चाचपत, उजेडात धरत, पुन्हा घासत. साहेब येऊन डोक्यावर उभे राहिले तरी हाताची गती बदलत नसे.

असंच एक भिंग त्यांनी एकदा माझ्या पुढ्यात ठेवलं. पितळी कडी, लाकडी मूठ, सगळं सुट्टीच्या दिवशी घरी बसून केलेलं. "तुमच्या पोथीचं अक्षर लई बारीक आहे. पूजेत तुमी अडखळता ते मले मागून दिसते. देवाले चालत असन, मले नाई चालत." ज्या पोथीतलं अक्षरही त्यांना मान्य नव्हतं, ती मला नीट वाचता यावी म्हणून तो माणूस काच घासत बसला होता. मी काहीतरी विनोद केला. मला अशा वेळी तेवढंच सुचतं.

मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात त्रिशरण, पंचशील आणि शेवटी माणूस गेल्यावर म्हणायच्या चार ओळी, खाली मराठी अर्थ. "हे पाठ करून ठेवा," म्हणाले. मी विचारलं, "मी कशाला?"

"माह्या बापानं दीक्षा घेतली तवा मी बारा वर्षांचा होतो. घरचे सारे देव टोपलीत भरून नदीत सोडले त्यानं. माय रडली, तो नाई रडला. मंग मी नागपूरले वसतिगृहात असतानी तो वारला. मी गावात पोचेपर्यंत चुलत्यायनं जुन्या रीतीनं सारं उरकून टाकलं होतं. तोंडात तुळस, कपायाले बुक्का. ज्याच्यातून तो निंगाला होता, त्याच्यातच जाळला त्याले." ते थोडा वेळ भिंगाची कडी पुसत राहिले. "इथं मले काई झालं तर कोण आहे? जालंधरले भंतेजी आहेत, पण रस्ता असा. येतीन का नाई, कोण सांगन? शांताले सारं येते, पण त्या वक्ताले तिच्या तोंडातून शब्द निंगन का? तुमचं पाठांतर पक्कं. अन् तुमी म्हटलं का बाकीचे आयकतात, हे मी पायलं आहे."

मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. पाठांतर हा तर आमच्या घराण्याचा एकमेव टिकाऊ उद्योग. चार ओळी म्हणजे एका आंघोळीचं काम.

त्या हिवाळ्यात माझी आई मिरजेहून आली होती. गच्चीत उन्हाला बसून ती मटार सोलत होती आणि शेजारी मी तो कागद उघडून मोठ्यानं म्हणत होतो. दुसऱ्या ओळीला तिचे हात थांबले. "कुणाचं रे हे?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. नुसता प्रश्न होता. मी म्हणालो, "काही नाही, ऑफिसातलं आहे." कागदाची घडी घातली आणि पूजेच्या पेटीत पोथीखाली ठेवून दिली. एवढंच घडलं. आई मटार सोलू लागली. ती गेल्यावर मी तो कागद पुन्हा काढेन असं ठरवलं होतं. ती गेली, मी काढला नाही. रोज काहीतरी कारण सापडे, आणि खरं कारण एकच होतं, जे मी स्वतःलाही "ऑफिसातलं" म्हणूनच सांगत होतो.

महिन्याभरानं गजभियेंनी विचारलं, "झालं का पाठ, महाराज?"

"झालं की," मी म्हणालो.

त्यांनी म्हणून दाखवा म्हटलं नाही. काच असती तर दोनदा उजेडात धरून बघितली असती. माझ्या शब्दाला त्यांनी एकदाही उजेडात धरलं नाही.

मे महिन्यात शहरात गोळीबार झाला आणि कर्फ्यू लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी गजभिये अंघोळ करून बाहेर आले, छातीत कळ आली म्हणाले आणि खाटेवर बसले ते गेलेच. फोनवर शांताबाईंचा आवाज अगदी कोरडा होता. नागपूरहून कोणी दोन दिवसांच्या आत येणं शक्य नव्हतं. जालंधरच्या भंतेजींकडे निरोप गेला; बस बंद होत्या. उन्हाळा असा की थांबताही येईना. एक ते चार कर्फ्यू ढिला होता, तेवढ्यात सगळं करायचं होतं. घरून निघताना हिनं विचारलं, "तो कागद घेतलात का?"

"पाठ आहे," मी म्हणालो. इतक्या वेळा म्हटलं होतं की मला ते खरंच वाटू लागलं होतं.

स्मशानात आम्ही दहा-बारा माणसं. मंडळाचे अध्यक्ष, एक मेजरसाहेब, सारखे घड्याळ बघत होते. तिथला पंडित पुढे आला, "मंत्र मैं पढ़ दूं जी?" मेजर म्हणाले, "नहीं, हमारे दामले हैं." शांताबाई मागे थांबल्या नव्हत्या, चितेपाशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, तुमाले येते ना? हे सांगत होते, दामलेले पूर्ण पाठ आहे."

मी हात जोडले. "बुद्धं सरणं गच्छामि," म्हणालो. धम्माचं म्हणालो, संघाचंही म्हणालो. मग पुढे काही नव्हतं. भिंत. उन्हात सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मेजर हळूच म्हणाले, "अहो, म्हणा काहीही पटकन. देव काय, एकच. साडेतीन वाजले."

आणि माझी जीभ तिच्या सवयीच्या वाटेला लागली. आजोबांना, काकांना ज्या मंत्रांनी पोचवलं ते मंत्र माझ्या तोंडातून बाहेर पडले, खणखणीत, एकही अक्षर न चुकता. मला कळत होतं. थांबता येत होतं. थांबलो असतो तर काय झालं असतं? दहा माणसांसमोर मी खोटा ठरलो असतो, इतकंच. मी थांबलो नाही. संस्कृत ऐकल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. आता काय करायचं ते प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणीतरी गंगाजलाची बाटली काढली, कोणीतरी तुळशीचं पान. मेजरांनी ते गजभियेंच्या ओठांवर ठेवलं. मागून "राम नाम सत्य है" सुरू झालं. गजभिये बरोबर म्हणाले होते : मी म्हटलं की बाकीचे ऐकतात.

त्या गलक्यात मला शेजारून एक बारीक आवाज ऐकू आला. शांताबाई डोळे मिटून त्या चार ओळी म्हणत होत्या. एकट्या. अडखळत, पण सावकाश. त्यांच्या तोंडातून शब्द निघत होता.

दोन आठवड्यांनी त्यांचा भाऊ त्यांना न्यायला आला. निरोप घ्यायला मी आणि ही क्वार्टरवर गेलो. सामान बांधून झालं होतं, तसबिरी चादरीत गुंडाळल्या होत्या. मी माफीचं एक मोठं वाक्य जुळवून नेलं होतं; ते काढायच्या आत शांताबाई म्हणाल्या, "भाऊजी, त्यायच्या हातचा तो कागद तेवढा द्या. अक्षर आहे त्यायचं." मी तो बरोबर आणलाच होता. त्यांनी उघडला. घडीवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. कागद करकरीत होता. कोपऱ्याला तेवढा माझ्या पेटीतल्या कुंकवाचा डाग. भिंगं घासणाऱ्याच्या घरात तेवीस वर्षं काढलेली बाई ती. "एकदाच उघडला, नाई का?" त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. त्या कागदाबद्दल मी दिलेलं ते पहिलंच खरं उत्तर.

"अन् हे भिंग," मी पुढे केलं.

"ते राहू द्या. ते तुमच्यासाठी केलं होतं." त्यांनी कागदाची त्याच घडीवर घडी घातली आणि हिचे हात हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही.

त्या चार ओळी मी पुढे शोधून पाठ केल्या. आता झोपेतून उठवलं तरी येतात. कोणी उठवत नाही.

त्या वर्षीच्या गणपतीला मंडळाचं बोलावणं आलं, तेव्हा घसा बसलाय म्हणून सांगितलं. हेही कोणाला खोटं वाटलं नाही. मेजरांनी कॅसेट लावून पूजा केली, आणि मला सांगायला हवं, माझ्यापेक्षा बरी झाली. मी चपलांजवळ उभा होतो. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून मागे बांधले. आरती संपली, माणसं अंधाराच्या आत घरी जायला निघाली, आणि खुर्च्या तशाच पडून राहिल्या. मी एकेक घडी घालून भिंतीशी लावू लागलो. एका खुर्चीत बोट चेमटलं. तेवढ्यात ही द्रोण घेऊन समोर आली. शिरा नेहमीसारखाच झाला होता, तुपाचा वास येत होता. नुसता द्रोण धरून उभी राहिली.

तो काय म्हणून घ्यायचा, ते मला सांगता येईना.